बोटमास्तरांच्या पट्ट्या

शुक्रवार, ९ जानेवारी. सकाळी धुकं, नंतर ऊन. डोकं दुखत होतं, एक गोळी घेतली. वन्संचे पडदे धुऊन आले, दोरी पुरली नाही. ह्यांनी आज पट्ट्या दिल्या. जुन्या मऊ कापडात गुंडाळून वर दोरा बांधला होता. फार सुबक झाल्यात. साहेबांनीही हातात घेऊन पाहिल्या. सोमवारी पेट्रोलमध्ये घालीन.

त्या दिवशीची नोंद एवढीच. जे घडलं तेवढं डायरीत लिहायचं आणि मनात आलेलं देवाला सांगायचं, ही शिस्त तिला शाळेत कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी लावली होती. पुढे देवाला सांगणं सुटलं, डायरी सुटली नाही.

विमानांना लागणाऱ्या मालाची तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळेत ती कामाला होती. विमान म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे शेकडो माणसांना पोटात घेणारं धूड येतं. हिच्या वाट्याला आली ती छोटी विमानं. पुढे पंखा, आत दोन-चार माणसं, शिकाऊ वैमानिकांना गिरक्या घालायला शिकवणारी. गाड्यांच्या पेट्रोलमधून शिसं केव्हाच हद्दपार झालं होतं, पण या विमानांच्या पेट्रोलमध्ये ते राहिलं होतं, कारण त्याच्यावाचून त्यांची इंजिनं आतल्या आत ठोके देत. आता त्यांच्यासाठीही बिनशिशाचं पेट्रोल आलं होतं. पण शिसं काढलं की त्याची भरपाई दुसऱ्या द्रव्यांनी करावी लागते, आणि ही द्रव्यं भारी खोडकर. कुठलं रबर फुगवतील, कुठला रंग उचकटतील, काही नेम नाही. म्हणून विमानात पेट्रोलला जे जे शिवतं ते ते आधी नव्या पेट्रोलच्या बरणीत बुडवायचं, गरम कपाटात ठेवायचं आणि मग बाहेर काढून मोजायचं, ताणायचं, सोलून बघायचं. तिचं काम हेच. प्रयोगशाळेत तिला सगळे 'बरणीवाल्या बाई' म्हणत, आणि ती ओ देई.

तिचा नवरा त्याच विमानतळाच्या दुसऱ्या टोकाला, हँगरमध्ये मेकॅनिक. सकाळी दोघं एकाच स्कूटरवरून निघत. फाटकाशी ती उतरे, रुमालाने सीटवरची तिची बाजू उगीच पुसल्यासारखं करून ते पुढे जात. ती रोज म्हणे, "धूळ मी घेऊन आले नव्हते हो," आणि ते रोज म्हणत, "खात्री करून घेतलेली बरी." मूलबाळ नव्हतं. वरच्या मजल्यावर त्यांची धाकटी बहीण राहायची, तिचा जिन्यावरून जाता-येता आवाज असे, तोच घरातला गलबला.

हँगरमध्ये त्यांना 'बोटमास्तर' म्हणत. छोट्या विमानाची टाकी म्हणजे बहुधा त्याचा पंखच. आत पोकळ, आणि पत्र्यांचे सांधे गळू नयेत म्हणून त्यांवर आतून काळा लेप. हा लेप लावायचा तर पंखाच्या पोटाला असलेल्या ताटलीएवढ्या भोकातून खांद्यापर्यंत हात घालायचा आणि काही दिसत नसताना, नुसत्या स्पर्शावर, सांध्यावरून बोट फिरवत न्यायचं. इतरांचं बोट कोपऱ्यात अडखळे, मध्येच उचललं जाई, तिथे फट राहून जाई. बोटमास्तरांचं बोट एका टोकाला टेकलं की दुसऱ्या टोकालाच उचललं जायचं. शेजारच्या विमानतळांवरून त्यांना बोलावणी येत. ते जात, काम करत, आणि घरी आल्यावर बायकोपुढे काळं झालेलं बोट नाचवत म्हणत, "बघ, विमानं या एवढ्याशावर उडतात."

लेपाची तपासणी निघाली तेव्हा प्रयोगशाळेचे साहेब तिला म्हणाले, "बाई, आपण इथे सगळं तोलूनमापून करतो. खऱ्या कामात कसं करतात तेही बघायला हवं. हँगरमधून कुणाकडून तरी पत्र्याच्या थोड्या पट्ट्यांवर लेप लावून आणाल का?"

"कुणाकडून तरी कशाला?" ती म्हणाली. "आमच्या घरातच आहेत की."

हे म्हणताना तिची मान किती ताठ झाली होती, ते साहेबांच्याही लक्षात आलं असेल. त्याच संध्याकाळी घरी विषय निघाला.

"अहो, पट्ट्या करून द्याल? तपासायला हव्यात."

"तपासणी कुणाची? लेपाची का माझी?"

"लेपाची. तुमची लग्नाआधीच झाली."

"पास झालो होतो ना?"

"काठावर."

ते खूश होते. पट्ट्या केल्या त्या अगदी दागिने घडवावेत तशा. प्रत्येकीच्या मागे खिळ्याने स्वतःची खूणही ओरखडली.

तिने अर्ध्या पट्ट्या जुन्या पेट्रोलमध्ये घातल्या, अर्ध्या नव्यात. शेजारच्या बरण्यांत प्रयोगशाळेत केलेल्या पट्ट्या होत्या. ठरलेली मुदत भरली तशी तिने बरण्या उघडल्या आणि एकेक पट्टी यंत्राला लावली. हे यंत्र लेप पत्र्यावरून हळूहळू सोलतं. चांगला लेप सुटून येत नाही. जोर लावला तर तो स्वतः मधोमध फाटतो, निम्मा इकडे, निम्मा तिकडे चिकटून राहतो. पत्रा काळाच राहायला हवा. जुन्या पेट्रोलमधल्या सगळ्या पट्ट्या तशा फाटल्या. नव्या पेट्रोलमधल्या, प्रयोगशाळेच्या हातच्याही तशाच फाटल्या. मग तिने बोटमास्तरांची पहिली पट्टी लावली. लेप केळीच्या सालीसारखा एका दमात निघून आला. खालचा पत्रा आरशासारखा लख्ख.

तिने दुसरी लावली. मग तिसरी. मग यंत्र बंद करून चष्मा पुसला आणि उरलेल्या लावल्या.

घरी ते टेबलाशी बसून रेडिओचा मागचा भाग उघडून बघत होते. घरात काही बिघडलं की आधी त्यांच्या हाताला खाज सुटायची.

"त्या लेपात काही घातलं होतंत का?" तिने विचारलं.

"माझं बोट."

"थट्टा नको."

त्यांनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. "झाकणभर थिनर. नेहमीचंच."

"डब्यावर लिहिलंय, दुसरं काही मिसळू नये."

"डब्यावर लिहिणाऱ्याने थंडीत कधी पंखात हात घातलाय? गोठून बसतो लेप. पसरतच नाही. माझ्या उस्तादांनी मला दाखवलं, मी दहा जणांना दाखवलं. थिनर घातल्याशिवाय लेप कोपऱ्यात शिरतो का, बघून ये जा."

"नव्या पेट्रोलमध्ये तो सुटला. सगळ्या पट्ट्यांवरून."

त्यांनी स्क्रूड्रायव्हर पुन्हा उचलला. मग सहज, बाजारातून काही आणायचं सांगावं तसे म्हणाले, "मग त्या टाकून दे. उद्या दुसऱ्या करून देतो. बिनथिनरच्या."

"आणि पंखांतलं?"

"पंखांतलं वर्षानुवर्षं वाळून दगड झालंय. तुझ्या पट्ट्या कालपरवाच्या. कच्चं मडकं फुटलं म्हणून तू भाजलेल्याला नावं ठेवणार?"

या बोलण्यात काही राम नव्हता असं नाही, आणि हे तिला कळत होतं. थिनर उडून जातं. इतक्या वर्षांनी वाळलेला लेप कसा वागेल हे तिला ठाऊक नव्हतं, त्यांनाही नव्हतं, कुणालाच नव्हतं. पण टाकीतून सुटलेली लेपाची एक साल नळीत अडकली की इंजिन बंद, आणि वर एखादं नुकतं मिसरूड फुटलेलं पोर.

"आणि समजा सुटला तर?"

"मी सांगतोय ना, नाही सुटायचा."

"तुमचं सांगणं पेट्रोलला ऐकू येत नाही."

शब्द तोंडातून गेले ते गेलेच. त्यांनी रेडिओचं झाकण बसवलं, एकेक स्क्रू आवळला आणि उठून आत गेले. रेडिओ दुरुस्त झाला नव्हता.

आड आणि विहीर दोन्ही तिला लख्ख दिसत होती. तिने साहेबांना सांगितलं तर टाक्यांचं काम जाणार, आणि टाक्यांचं काम गेलं तर बोटमास्तरांत उरणार काय? नाही सांगितलं तर रोज डोक्यावरून विमानाचा आवाज जाईल आणि रोज तिच्या हातातलं काम थांबेल. ती दोन दिवस गप्प राहिली. तिसऱ्या दिवशी साहेबांपुढे जाऊन उभी राहिली आणि थिनरसकट सगळं सांगितलं.

"पण साहेब," ती म्हणाली, "एखाद्या जुन्या पंखातला तुकडा आधी भिजवून बघू या. वाळलेला लेप टिकतही असेल."

"बाई, तेवढं थांबायला कुणाला सवड आहे? नवं पेट्रोल दारात येऊन उभं आहे. जुनं सगळं खरवडायचं, नवीन लावायचं. विषय संपला."

"ह्यांचं नाव तेवढं..."

"मी कशाला नाव घेतोय? पट्ट्यांच्या मागे त्यांनीच घातलंय."

चूक त्या एकट्यांची नव्हती. हँगरमध्ये सगळेच थिनर घालत. पण पट्ट्या एकाच हातच्या सापडल्या, आणि सापडला तो चोर. वरून हुकूम आला, विमानं एकेक करून उघडली गेली. जुना लेप खरवडायचं काम बोटमास्तरांनाच दिलं, कारण तो कुठे, किती लावलाय हे दुसऱ्या कुणाला माहीत? नवा लावायचं काम मात्र दुसऱ्याला. स्वतः बांधलेलं घर स्वतःच पाडायचं आणि वीट दुसऱ्याने रचायची. ते लाकडी पाचर घेऊन रोज खांद्यापर्यंत पंखात हात घालत राहिले.

खरवडणं चालू असताना एकदा ती हँगरमध्ये गेली. डबा द्यायचं निमित्त होतं. बाकावर टाकीचं एक गोल झाकण पडलं होतं. त्याच्या कडेला जुना लेप जसाच्या तसा होता, काळा, गुळगुळीत, कुठेही बोट उचलल्याची खूण नसलेला. तिची नजर त्याच्यावर खिळली, आणि तिची नजर खिळलेली त्यांनी बघितली. पाचर खाली ठेवून त्यांनी झाकण उचललं, कापडाने पुसलं आणि तिच्यापुढे धरलं.

"घे. भिजव."

आजूबाजूचे हात थांबले.

"मागत होतीस ना साहेबांकडे जुना तुकडा? हा घे. माझ्यासमोर बरणीत घाल. सुटला तर आयुष्यात पुन्हा तोंड उघडणार नाही."

झाकण जड नव्हतं. पिशवीत सहज मावलं असतं. पण तिच्या मनात एका क्षणात दोन्ही टोकं आली. लेप टिकला, तर तिने नवऱ्याला फुकट मातीत घातलं. सुटला, तर पुन्हा एकदा मातीत घातलं, आणि या वेळी सगळ्यांदेखत.

"नको," ती म्हणाली. "डबा गार होईल, जेवून घ्या."

कुणीतरी मागे हसलं. त्यांनी झाकण पुन्हा बाकावर ठेवलं, पाचर घेतली आणि कडेचा सगळा लेप तिच्या डोळ्यांदेखत खरवडून काढला. पत्रा दिसेपर्यंत. मग फुंकर मारून तो स्वच्छ केला.

काम संपल्यावर त्यांना चाकांकडे टाकलं. टायर बदलायचे, हवा भरायची. पगार तोच, मान कुठे गेला कोण जाणे. 'बोटमास्तर' हे नाव लोकांनी आणखी काही दिवस वापरलं, मग संकोचून सोडून दिलं.

घरात भांडण झालं नाही, हीच तर तक्रार होती. भांडण झालं असतं तर मिटलं असतं. ते हसूनखेळून वागत, चारचौघांत तर जास्तच. जेवायला कुणी पाहुणे आले की भाजी वाढताना म्हणत, "खा बिनधास्त. आमच्या घरी सगळं भिजवून, सोलून तपासलेलं असतं. मीसुद्धा." पाहुणे हसत. तीही हसे. स्कूटरची सीट पुसणं त्यांनी सोडलं. ती उतरली की ते थेट पुढे जात.

घरातल्या कुठल्याच वस्तूला ते हात लावेनासे झाले. खिडकीची कडी निखळली, इस्त्रीची वायर जळाली.

"अहो, एवढं बघता का?"

"मी? छे. माझ्या हातचं तुझ्या पसंतीला उतरत नाही. कुणा पास झालेल्याला बोलव."

मग तिने बाहेरच्या माणसाला बोलवायचं, आणि तो काम करत असताना ह्यांनी पेपर तोंडापुढे धरून बसायचं. एकदा तो माणूस कडी उलटी बसवत होता. पेपर हलला, खाली आला, पुन्हा वर गेला. कडी उलटीच बसली.

नणंद जिन्यात गाठून बोले. "वहिनी, दादाचा हात सोन्याचा होता हो."

"मी कधी नाही म्हटलं?"

"म्हटलं नाहीस, लिहून दिलंस." आणि दोन पायऱ्या चढून, मागे वळून, "बरं, लेप सुटला पट्टीवरचा. विमान कुठलं पडलं का? एक तरी टाकी गळली का माझ्या भावाची?"

हाच प्रश्न घरातही होता. नवं पेट्रोल आलं, सगळीकडे रुळलं. नव्या लेपाच्या टाक्यांतून थेंब सांडला नाही. जुन्यांतून सांडण्याचा प्रश्नच नव्हता, त्या शिल्लकच नव्हत्या. पण बोलताना हा भाग कुणी बोलत नसे. ते म्हणत, "उभ्या जन्मात माझी एक टाकी गळली असेल तर दाखव."

"गळायच्या आधीच खरवडल्या ना," ती एकदा म्हणाली.

"हो. आणि झाकण देत होतो तेव्हा घेतलं नाहीस."

तिच्यामुळे एखादा जीव वाचला असेल तर तो जीव कुठेतरी मजेत जेवत-झोपत होता, त्याला याची गंधवार्ता नव्हती. आणि वाचला नसेल, तर तिने कशासाठी काय दिलं होतं? न झालेल्या अपघाताला साक्षीदार नसतो. तिने प्रयोगशाळेत आणखी कितीतरी रबरं, रंग, नळ्या भिजवल्या, कितीतरी नापास केल्या. त्या कुणाच्या हातच्या आहेत ते मात्र पुन्हा कधी विचारलं नाही.

दोघंही निवृत्त झाले. त्यांच्या निरोपाच्या कार्यक्रमात हँगरच्या मुख्यांनी दोन शब्द बोलायला सांगितलं, तर ते उठून म्हणाले, "टाक्या बायकोने काढून घेतल्या, चाकं तुम्ही आज घेतलीत. आता मी चालत घरी जातो." टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेत बसलेल्या तिनेही वाजवल्या.

शेवटच्या दुखण्यात ते बरेच दिवस अंथरुणाला खिळून होते. बोलणं कमी झालं होतं. ती स्पंज करत असताना एका दुपारी त्यांचं बोट पलंगाच्या लोखंडी कडेवरून फिरू लागलं. एका टोकापासून सुरू झालं, न थांबता, कोपऱ्यात न अडखळता दुसऱ्या टोकाला गेलं. तिने हातातला टॉवेल खाली ठेवला.

"अहो," ती म्हणाली, "ते झाकण टिकलं असतं. मला वाटतं, टिकलं असतं."

हे तिला खरंच वाटत होतं का, हे तिलाही सांगता आलं नसतं. इतकी वर्षं न तपासता ती कधी काही बोलली नव्हती, आज बोलली. त्यांनी डोळे उघडून तिच्याकडे नीट पाहिलं. ओळखीचं, जुनं, खोडकर हसू तोंडावर येतंय असं वाटलं.

"तपासलंस?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग कशाला बोलतेस," ते म्हणाले आणि भिंतीकडे तोंड केलं. त्यानंतर ते पाणी मागण्यापुरतं बोलले, आणि त्या आठवड्यातच गेले.

भेटायला माणसं पुष्कळ आली. घरातल्या खुर्च्या पुरल्या नाहीत. हँगरचे मुख्य आले, आता तेही म्हातारे झाले होते. त्यांनी गळा साफ केला आणि जमलेल्यांना सांगितलं, "असा हात पुन्हा व्हायचा नाही. इतकी वर्षं काम केलं, पण बोटमास्तरांची एकही टाकी कधी गळली नाही."

नणंदेने डोळ्यांना पदर लावला आणि पदराआडून वहिनीकडे पाहिलं. खोलीत सगळेच तिच्याकडे बघत असल्यासारखं झालं. काही जणांना जुनं ठाऊक होतं, काहींना नव्हतं. तिला बोलायचं असतं तर आता ऐकायला माणसं होती. पट्ट्या, थिनर, आरशासारखा पत्रा, सगळं तिला तारीखवार सांगता आलं असतं.

"नाही," ती म्हणाली. "एकही नाही."

मग ती चहाचे कप गोळा करायला उठली. दिवेलागणीपर्यंत सगळे गेले. नणंद वर गेली. तिने केर काढला, खिडक्या लावल्या, उलट्या कडीशी नेहमीसारखी थोडी झटापट केली, आणि डायरी उघडून तारीख घातली. खाली लिहिलं:

शेजारच्यांच्या सहा खुर्च्या परत केल्या. एकीचा पाय डुगडुगतो. तो आधीपासूनच तसा होता.